चौथा पाय

कुठल्याही टेबलाचे पहिले तीन पाय बिनतक्रार उभे राहतात. भानगड चौथ्याची असते. तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं आणि चौथा बिंदू त्यात येईलच असं नाही, हे पाचोऱ्यातले एक गणिताचे सर वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवत आले. तरीही त्यांनी चार पायांचं टेबल करायला घेतलं, आणि तेही स्वतःच्या हातांनी.

कारण साधं होतं. मुलगी दहावीत जाणार होती आणि तिला अभ्यासाला टेबल हवं होतं. बाजारात तयार टेबलं होती. सरांनी त्यातली दोन-चार हलवून पाहिली, दुकानदारासमोरच "पाय हलतो" असा शेरा मारला आणि घरी आले. मिस्तरीला सांगून झालं होतं. पण ऐन लग्नसराईत खानदेशातला मिस्तरी नवरीच्या कपाटाला आणि नवरदेवाच्या पलंगाला वाहिलेला असतो. मास्तराच्या मुलीच्या टेबलाला त्याच्या पंचांगात मुहूर्त नसतो. त्यातच सरांनी मोबाइलवर एका दाढीवाल्या अमेरिकनाचा व्हिडिओ पाहिला. गड्यानं बारा मिनिटांत अख्खं जेवणाचं टेबल उभं केलं, मध्ये कॉफीही प्याला. त्याच्यामागे जी यंत्रं मांडलेली दिसत होती, त्यांच्या किमतीत पाचोऱ्यात दोन खोल्या बांधून झाल्या असत्या. तिकडे सरांचं लक्ष गेलं नाही.

"अहो, त्या माणसाला दुसरं काम नसेल," वहिनी म्हणाल्या.

"तेच तर काम आहे त्याचं."

"मग मी दुसरं काय म्हणतेय?"

लाकडाचा हिशेब सरांनी आधी कच्च्या वहीत केला, मग पक्क्या वहीत उतरवला. वर चार बाय दोन फुटांची इंचभर जाडीची फळी, खाली तीन बाय तीन इंची अडीच फुटांचे चार पाय, भोवतीनं चार इंच रुंदीची बारा फूट पट्टी. एकूण १.६२ घनफूट. ही वही घेऊन ते वखारीत गेले. वखारवाल्यानं वहीकडे ढुंकूनही न बघता सांगितलं, "तीन घनफूट घ्या."

"अहो, पण हिशेबानं…"

"हिशेबानं टेबल झालं, सर. भुसा कोणाच्या हिशेबात धरू?"

मग सागाचा भाव ऐकून सर थोडा वेळ वखारीतच एका ओंडक्यावर बसले. वखारवाल्यानं पाणी दिलं.

सुटका निंबानं केली. होळीच्या सुमारास आलेल्या वावटळीत त्यांच्या शेताच्या बांधावरचा जुना निंब आडवा झाला होता. बांधावर सागही होता. पण साग स्वतःच्या शेतातला असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यापासून परवानगीवाचून त्याला हात लावता येत नाही. निंबानं आपणहून अंग टाकलं होतं. शिवाय लाकूड काही वाईट नाही. निंब वनस्पतिशास्त्रात महोगनीच्याच कुळातला. त्याला वाळवी सहसा लागत नाही, आणि खानदेशात दाराच्या चौकटींना तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेलाय. "इंग्रज महोगनीच्या टेबलावर जेवायचे, आपण तिच्या चुलतभावावर अभ्यास करू," असं सरांनी घरात जाहीर केलं.

आरा मशीनवाल्यानं फळ्या कापून दिल्या आणि बजावलं, "सावलीत ठेवा. मध्ये पट्ट्या घाला. इंचाला एक वर्ष."

सुतारकामाचा हा जगभरातला ढोबळ नियम आहे. सरांना तो मान्य नव्हता. "हे नियम थंड हवेतले. आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत उभा माणूस वाळतो, फळीचं काय घेऊन बसलात?" असं म्हणून त्यांनी फळ्या गच्चीवर उन्हात घातल्या, वहिनींच्या कुरडयांशेजारी. आता, लाकूड झपाट्यानं वाळलं की वरचा भाग आटतो आणि आतला ओलाच राहतो. टोकं सगळ्यांत आधी वाळतात आणि तिथंच चिरा पडतात. म्हणून जाणते लोक टोकांना रंग किंवा मेण फासून ठेवतात. आखाजीला सरांनी फळ्या पाहिल्या. दोन फळ्यांच्या टोकांना चिरा पडल्या होत्या आणि तिसरी मधोमध इतकी खोलगट झाली होती, की तिच्यात चिमण्यांना पाणी ठेवता आलं असतं. कुरडया मात्र उत्तम वाळल्या होत्या.

इथं आबा आले. आबा शेजारचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, उभी हयात पी.जे.वर काढलेले. पी.जे. म्हणजे पाचोरा-जामनेर, छप्पन्न किलोमीटरांची अरुंद रुळांची गाडी. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत ती शंभर वर्षं रमतगमत धावली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. आता तिच्या जागी ब्रॉडगेज मंजूर झाली आहे. गाडी थांबल्यापासून आबांच्या देखरेखीला काम उरलं नव्हतं. ती सरांच्या गच्चीवर रुजू झाली.

"उंची कितली?" आबांनी विचारलं.

"अडीच फूट. टेबलाची तेवढीच असते."

"म्हणजे सातशे बासष्ट मिलिमीटर."

सर चकित झाले. "तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमनी पी.जे. बी तितलीच रुंद शे ना!"

हे अक्षरशः खरं आहे. पी.जे.च्या दोन रुळांमधलं अंतर दोन फूट सहा इंच, आणि लिहिण्या-जेवण्याच्या टेबलाची सर्वसाधारण उंचीही तेवढीच. त्या दिवसापासून गल्लीत टेबलाचं नाव पी.जे. पडलं. "काय सर, पी.जे. कुठपर्यंत आली?" असं येणारा-जाणारा खालूनच विचारू लागला. सरही "अजून वरखेडीलाच आहे" असं उत्तर देऊ लागले.

हत्यारांची खरेदी हे स्वतंत्र प्रकरण आहे, पण ते आवरतं घेऊ. सरांनी रंधा, करवत, पटाशी आणि गुण्या घेतला. घरी येऊन रंधा लाकडावर फिरवला तर तो नुसता घसरला. दुकानात परत गेल्यावर कळलं, की नव्या रंध्याला धार नसते, ती आपली आपण लावायची असते. "मग विकता काय?" असं सरांनी विचारलं. "रंधा," असं दुकानदारानं सांगितलं.

धार लागली तेव्हा निंबानं आपला स्वभाव दाखवला. निंबाच्या रेषा एका दिशेनं जात नाहीत. एक थर इकडे झुकलेला, त्याखालचा तिकडे. त्यामुळे रंधा टीचभर लोण्यासारखा जातो आणि पुढल्या टीचभरात भसकन ढलपी उपटून काढतो. दिशा बदलली की आधी गुळगुळीत झालेलं उपटतं. सरांनी चारही दिशांनी प्रयत्न केला. शिवाय निंबाचा भुसा कडू. तो नाकात गेला, तोंडात गेला, वाऱ्यानं खाली स्वयंपाकघरात गेला. आठवडाभर घरातला चहा कडू लागत होता आणि वहिनी पाहुण्यांना "मधुमेहाला चांगला" म्हणून तो पाजत होत्या.

फळ्या एकमेकींना जोडायच्या तर फेविकॉल लावून त्या शिकंज्यात आवळून ठेवाव्या लागतात. अमेरिकनाकडे असे तीस-चाळीस शिकंजे होते. सरांकडे संसार होता. त्यांनी फळ्या भिंतीशी दाबून पाटा-वरवंटा टेकवला, वर बाजरीचं पोतं ठेवलं, भरलेलं गॅसचं सिलिंडर चढवलं, आणि तरीही एक कोपरा उचलतो म्हटल्यावर सुटीला आलेल्या भाच्याला त्यावर बसवलं.

"मामा, किती वेळ बसू?"

"डब्यावर चोवीस तास लिहिलंय."

भाचा वीस मिनिटं बसला. मग त्याच्या मोबाइलची बॅटरी संपली आणि तो हात टेकून उठला. फळी दोन सूत सरकली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. कागदावर तो किरकोळ वाटतो. टेबलावरून हात फिरवला की प्रत्येक वेळी कपड्याला पकडतो. भाच्यानं जो हात टेकला त्याला फेविकॉल लागलेला होता, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. ती पुढे येईल.

टेबल गच्चीवर तयार झालं, आणि मग उमजलं की ते खाली न्यायचं आहे. जिन्याच्या वळणावर ते आडवं जाईना, उभं जाईना, तिरकं अडकलं ते बाहेर काढायलाच तिघे लागले. ही अडचण नवी नव्हे. स्वीडनमधल्या आयकिया कंपनीच्याच इतिहासात तिला मानाचं पान आहे. १९५६ मध्ये त्यांचा कर्मचारी गिलिस लुंडग्रेन याला एक टेबल गाडीत मावेना, म्हणून त्यानं पाय काढून ठेवले. सुट्या भागांचं, घरी नेऊन जोडायचं फर्निचर तिथून त्या कंपनीच्या धंद्याचा कणा झालं. मुलीनं ही गोष्ट मोबाइलवर वाचून दाखवली. सरांनी पायांकडे पाहिलं. पाय कुसू-खाचेत फेविकॉल भरून बसवलेले होते, आणि फेविकॉलच्या जाहिराती खोट्या नसतात.

शेवटी दोरानं गच्चीवरून खाली सोडायचं ठरलं. गल्ली गोळा झाली. खालून एकानं "ढील द्या" म्हटलं, दुसऱ्यानं "ओढून धरा" म्हटलं, आणि वरच्या दोघांनी आपापल्या आवडीचा हुकूम पाळला. टेबल एका अंगानं गेलं, छज्ज्यावर पाय आपटला, पाण्याच्या पाइपावर दुसरा आपटला, आणि अखेर ते अंगणात उतरलं तेव्हा टाळ्या पडल्या. आबांनी पुढे होऊन एका कोपऱ्यावर बोट टेकवलं. टेबल टकटक वाजलं.

"हाई काय शे?"

"टेबल."

"मंग हालस का बरं?"

सरांनी दोष फरशीवर ढकलला. घरात शहाबादी फरशी, जुनी, वरखाली. आणि मुख्य म्हणजे सरांकडे प्रमेय होतं. हलणाऱ्या टेबलाचं गणित खरोखरच आहे. मार्टिन गार्डनर यांनी १९७३ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरातून ते लोकांपर्यंत नेलं: जमीन उंचसखल असली तरी चौरस टेबल जागच्या जागी पाव वळसा फिरवेपर्यंत कुठंतरी चारही पाय टेकतात. २००५ मध्ये गणितज्ञांनी आयताकृती टेबलांसकट त्याची काटेकोर सिद्धता दिली. सर टेबल फिरवू लागले. खोलीभर करकर आवाज सुरू झाला. कपाटाचं दार अडलं, पंख्याचा स्टँड पडला, मुलगी दप्तर घेऊन पलंगावर चढली.

"अहो, काय चाललंय?"

"सिद्धता."

पण प्रमेयाला दोन अटी आहेत. एक, जमिनीत मध्येच पायरी नको; शहाबादीच्या दर दोन फरश्यांमध्ये ती होती. दोन, टेबलाचे चारही पाय सारखे हवेत. ही अट सरांनी वाचली होती, पण ती आपल्याला लागू असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

उपाय एकच उरला: पाय कापणे. इथं माणसाचं मन कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. चार पायांचं टेबल डुगडुगतं तेव्हा ते समोरासमोरच्या दोन लांब पायांवर तोल धरून असतं, आणि उरलेले दोन आखूड पाय आळीपाळीनं हवेत उचलले जातात. कापायचा तो जमिनीला गपगार टेकलेल्या लांब जोडीतला एक. पण डोळ्यांना दिसतो हवेत लटकणारा, आणि कानाला ऐकू येतो तोच टकटक करणारा. साहजिकच सरांनी करवत त्याच्यावर चालवली. आखूड पाय आणखी आखूड झाला, टेबल दुप्पट हललं, मग न्याय म्हणून समोरचा कापला, मग बाजूचा. शाळेत खिडकीजवळ बसून आवाज करणाऱ्या मुलाला ते असंच उभं करतात, असं मुलगी आईच्या कानात म्हणाली.

कापाकापी रोज संध्याकाळी व्हायची. आबा पट्टी घेऊन हजर असायचे. भारतीय रेल्वेची रुंदी चार मापांची: ब्रॉडगेज, मीटरगेज, मग अडीच फुटी आणि सगळ्यांत धाकटी दोन फुटी, १९०७ पासून नेरळहून माथेरानला चढणारी. एका संध्याकाळी आबांनी पट्टी लावली, सहाशे दहा मिलिमीटर वाचले आणि कॉलनीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आते माथेरान उनं!" तिकडे पी.जे.ची ब्रॉडगेज व्हायची होती आणि इकडे टेबल अरुंद होत चाललं होतं, याचं त्यांना वैषम्य वाटत असावं.

मृगाच्या आदल्या रात्री टेबल हलायचं थांबलं. सर तासभर त्याच्याकडे बघत बसले. जेवणही त्यावरच घेतलं. शेवभाजीच्या वाटीतली लाल तर्री एका बाजूला काठापर्यंत चढली आणि दुसऱ्या बाजूला खाली राहिली. म्हणजे टेबल स्थिर होतं, फक्त समपातळीत नव्हतं. सरांनी वाटी अर्धी फिरवून ठेवली. तर्री पुन्हा त्याच बाजूला चढली. त्यांनी पोळीचा तुकडा तिकडूनच बुडवला आणि विषय संपवला.

मग पाऊस आला. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत हवेतला ओलावा पिऊन फुगतं. खानदेशातला कोरडा मे आणि ओला जुलै यांच्यात दोन फुटी फळी पाच-आठ मिलिमीटर सहज सरकते. म्हणून जाणता सुतार वरची फळी खालच्या चौकटीला जखडत नाही, स्क्रूची भोकं लांबट ठेवतो. सरांनी पक्कं काम म्हणून भरपूर स्क्रू मारले होते, सगळे आवळून. फळी फुगली, चौकटीनं सोडलं नाही, आणि या ओढाताणीत पायांनी अंग फाकवलं. टकटक पुन्हा सुरू झाली. करवत पुन्हा निघाली.

सरांनी आता मन पॉलिशवर एकाग्र केलं. फिनिशिंगमध्ये सगळं झाकलं जातं अशी नवशिक्यांची श्रद्धा असते. प्रत्यक्षात झाकलेलं सगळं फिनिशिंगमध्येच वर येतं. गल्लीत तीन पक्ष पडले. एक जवसाच्या तेलाचा, एक चपडीचा, आणि तिसरा "वरून सनमायका मारून टाका"चा. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगाळून टाकली तर सुकता सुकता आपोआप पेट घेऊ शकते, हे कळल्यावर वहिनींनी पहिला पक्ष बरखास्त केला. चपडी म्हणजे लाखेचे पातळ पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं थरावर थर द्यायचे. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्याही याच लाखेच्या, हे सांगून सरांनी घराला सांस्कृतिक आधार दिला. फक्त महिना श्रावण होता. दमट हवेत चपडी लावली की थरात ओलावा अडकतो आणि वर पांढुरकं धुकं धरतं. ते धरलं.

कोरड्या दिवशी सगळं घासून पुन्हा थर दिले. या वेळी रंग छान तांबूस चढला. सगळीकडे चढला, फक्त मधोमध एक जागा सोडून. फेविकॉल सांडलेल्या लाकडात पॉलिश मुरत नाही. तिथं भाच्याचा उजवा पंजा उमटला होता, पाचही बोटं आणि अंगठ्याशेजारची जुनी जखमसुद्धा.

"हे काय हो, सर?" आल्या-गेल्यांनी विचारलं.

"डिझाइन."

सप्टेंबरात गल्लीत भंगारवाला आला. वहिनींनी दारातूनच हळू आवाजात टेबलाकडे बोट दाखवलं. त्यानं डोकावून पाहिलं आणि "लाकूड घेत नाही, ताई" म्हणाला. आतून सर गरजले, "दहा हजारांच्या खाली द्यायचं नाही!" या आकड्यामागे शास्त्र आहे. मायकल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नवशिक्यांकडून कागदाच्या घड्यांची खेळणी करून घेतली. ती करणाऱ्यांनी आपल्या वेड्यावाकड्या बगळ्यांना जवळपास तज्ज्ञांच्या कामाइतकी किंमत लावली. त्रयस्थांना त्यात चुरगाळलेला कागद दिसला. या प्रकाराला त्यांनी आयकियाचंच नाव दिलं. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली: काम अर्धवट राहिलं तर हे प्रेम उरत नाही. त्यामुळेच असेल, टेबल पूर्ण झालंय का, असं कुणी विचारलं की सर ठामपणे "केव्हाच" म्हणतात आणि कुणी नसताना काचपेपर मारतात.

दसऱ्याच्या आसपास मिस्तरी उगवला. "सर, टेबल करायचं होतं ना?" सरांनी त्याला टेबल दाखवलं, आणि तो काही बोलायच्या आत स्वतःच चिरा, दोन सुतांची कड, पंजा, आवळलेले स्क्रू असं सगळं एकेक करून दाखवून टाकलं. मिस्तरी खाली वाकला, कुसू पाहिला, अंगठ्यानं दाबला.

"कुसू चांगला धरलाय," तो म्हणाला.

हे वाक्य सरांनी त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये, किराणा दुकानात आणि एका दशक्रियेच्या जेवणात सांगितलं. मिस्तरीचं पुढचं वाक्य, "बाकी नवीन करून घ्या," हे त्यात कुठंच नव्हतं.

नवीन केलं नाही. सगळी कापाकापी होऊन टेबल आता मांडी घालून बसणाऱ्याच्या छातीपाशी येतं. बाजारातली कुठलीच खुर्ची त्याला चालत नाही. मुलगी सतरंजीवर बसून त्यावर भूमितीचे प्रश्न सोडवते आणि तिची काही तक्रार नाही. पाहुणे विचारतात तेव्हा सर सांगतात, "जपानी पद्धतीचं आहे. तिकडे बैठीच टेबलं असतात. मुद्दाम तसं केलं."

परवा हे ऐकून आबांनी कान टवकारले. "जपान? तठे रुंदी कितली?"

"कशाची?"

"रुयांची."

सरांनी मोबाइलवर शोधलं. "बुलेट ट्रेनची वेगळी आहे. जुन्या गाड्यांची साडेतीन फूट."

आबांनी खिशातून पट्टी काढली आणि टेबलाच्या पायाला लावली. "मंग तर पाय वाढवना पडतीन."